वाचकांचे प्रश्न : लेक स्क्रीनसमोर बसून रडते, ही ट्रीटमेंट खरी आहे का?

या वेळी आलेल्या मेलमधली चार मेल एकाच विषयावरची निघाली, तीन अमेरिकेतून आणि एक साताऱ्याहून, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज फक्त हाच विषय. सैन्यातून बाहेर पडलेल्या बायका, त्यांना होणारा पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) आणि त्याची ऑनलाइन ट्रीटमेंट. मी स्वतः अमेरिकेत सायकॉलॉजिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत माजी सैनिक बायका बऱ्याच असतात, म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे. ज्यांनी लिहिलंय त्यांची ओळख पटेल असं सगळं बदललंय.

प्रश्न : ताई, माझी मुलगी ३६ वर्षांची आहे, जन्म इथलाच, न्यू जर्सीचा. कॉलेज झाल्यावर आमचं न ऐकता आर्मीत गेली. मेडिक होती, म्हणजे जखमी सैनिकांवर जागेवरच उपचार करणारी, २०११-१२ मध्ये अफगाणिस्तानात होती. आता टेक्सासला असते आणि मी नि तिचे बाबा सहा महिन्यांसाठी तिच्याकडे आलोय. रात्री तीन-तीनदा उठून दारं तपासते. गाडी चालवताना रस्त्यात टायरचा तुकडा नाहीतर पिशवी पडलेली दिसली की एकदम लेन बदलते. गणपतीला मंडळात ढोल-ताशा सुरू झाला तशी चप्पल न घालता पार्किंगमध्ये जाऊन बसली. आता व्हीएने (म्हणजे इथलं माजी सैनिकांचं सरकारी खातं, त्यांची देशभर स्वतःची हॉस्पिटलं आहेत) तिची व्हिडिओवर थेरपी सुरू केलीय. दर मंगळवारी दार लावून लॅपटॉपसमोर बसते आणि बाहेर येते ती डोळे सुजवून. आठवडाभर कसले कसले फॉर्म भरत असते. चार आठवडे झाले, मला तर वाटतं जुनं उकरून काढून तिचा त्रास वाढलाय. आणि डॉक्टर समोर पण नाही, स्क्रीनवर. माझी बहीण म्हणते पुण्याला घेऊन ये, विपश्यनेला बसवू, महिनाभर शांत राहील. आमच्यातले काही तर म्हणतात, बायका कुठे लढाईत असतात, हिला कसला धक्का बसणार. मी तिची ही थेरपी थांबवू का?
एक आई, टेक्सास

उत्तर : काकू, थांबवू नका. कारणं सांगते, पण आधी हे एवढं ऐका, चौथ्या आठवड्यात थांबवणं म्हणजे टाके घालायला जखम साफ केली आणि पेशंटला तसाच घरी पाठवला.

तुमच्या मेलमध्ये तुम्ही स्वतःच्या नकळत सगळं लिहून टाकलंय. रस्त्यात पडलेली पिशवी, टायरचा तुकडा. अफगाणिस्तानात आणि इराकमध्ये रस्त्याच्या कडेला पुरलेले बॉम्ब असेच असायचे, कचऱ्यात, मेलेल्या जनावरात, मातीच्या ढिगात, आणि गाड्यांच्या ताफ्यात जाणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथेच लागलेली असायची. त्या नजरेने तिला तेव्हा जिवंत ठेवलं. आता ती नजर टेक्सासच्या हायवेवर पण बंद होत नाही, एवढाच काय तो फरक. ढोलाचा आवाज छातीत बसतो तसा स्फोटाचा पण बसतो, आणि शरीर विचार करायच्या आधीच पळतं. चप्पल घालायचं भान राहिलं नाही यातच कळतं की तो हट्ट नव्हता की नाटक नव्हतं.

पीटीएसडीत साधारण चार गोष्टी एकत्र येतात. झालेलं परत परत अंगावर येणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचे विचार काळे होत जाणं, आणि शरीर सतत तयारीत असणं, म्हणजे झोप न लागणं, दचकणं, दारं तपासणं. महिन्यापेक्षा जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडवायला लागलं की मग ते नाव लावतात. १९८० मध्ये हे नाव अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या यादीत आलं, पण आजार काही तेव्हा जन्मला नाही.

आणि बायका लढाईत कुठे असतात म्हणणाऱ्यांना एक सांगा. अमेरिकन सैन्यात लढाईच्या नेमणुकांवरची बंदी उठवायचा निर्णय जानेवारी २०१३ मध्ये झाला आणि सगळ्या पोस्ट बायकांना खुल्या करायचा डिसेंबर २०१५ मध्ये. तुमची मुलगी त्याच्या आधी तिथे होती, म्हणजे कागदावर ती लढाईत नव्हतीच. पण मेडिकला गाडीत बसून ताफ्याबरोबर जावंच लागतं, आणि स्फोट झाला की बाकीचे आडोसा शोधतात तेव्हा मेडिक जखमी माणसाकडे धावते. कागदावर लढाई नाही म्हणून घरी आल्यावर कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारत नाही म्हणून ती सांगत नाही. व्हीएच्या आकड्यांप्रमाणे माजी सैनिक बायकांमध्ये शंभरात सुमारे १३ जणींना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी होतो, पुरुषांमध्ये शंभरात ६ जणांना.

आता ते फॉर्म. त्यावरून मला वाटतं तिची सीपीटी चालू आहे, म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. पॅट्रिशिया रेझिक या बाईंनी ती आधी बलात्कारातून गेलेल्या बायकांसाठी तयार केली, नंतर सैनिकांसाठी वापरात आली. साधारण १२ सेशन असतात. सुरुवातीलाच लिहून आणायला सांगतात की हे का घडलं असं तुला वाटतं आणि त्याने तुझा स्वतःवरचा, माणसांवरचा, जगावरचा विश्वास कसा बदलला. मग त्या लिहिलेल्यातून अडकलेले विचार शोधायचे. मेडिकच्या मनात अडकलेला विचार बहुतेक वेळा असा असतो की मी दोन मिनिटं आधी पोचले असते तर तो वाचला असता. मग फॉर्मवर एकेक प्रश्न, तेव्हा तुला काय माहीत होतं, गाडी किती लांब होती, रस्ता मोकळा होता का, बॉम्ब कोणी पुरला. बारा-बारा वर्षं जो माणूस स्वतःलाच दोषी धरून बसलाय त्याला हे प्रश्न शांतपणे, लिहून, परत परत विचारले की तो दोष हळूहळू हलतो. आणि तो हलतो तेव्हा त्याच्या खाली दाबून ठेवलेलं साधं दुःख वर येतं, कारण जो गेला त्याच्यासाठी ती कधी रडलीच नव्हती. मंगळवारी तुम्हाला दिसतं ते बऱ्याचदा हे असतं. काहींना पहिल्या काही आठवड्यांत त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो, त्यावरून शेवटचा निकाल वाईट येईल असं ठरत नाही.

स्क्रीनबद्दल. तुमची शंका अगदी रास्त आहे, मला पण सुरुवातीला होती. हवाईमध्ये लेस्ली मॉरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीटीएसडी असलेल्या १२६ बायकांवर हेच तपासलं, त्यात माजी सैनिक पण होत्या आणि साध्या नागरिक पण. काहींना सीपीटी समोरासमोर, काहींना व्हिडिओवर. २०१५ मध्ये ते छापून आलं, व्हिडिओवाल्या मागे पडल्या नाहीत. आज व्हीए आणि संरक्षण खात्याची २०२३ ची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात सीपीटी, प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना आणि गोष्टींना परत परत सामोरं जायचं) आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत आठवणीवर काम करायचं) या तीन थेरपी पुढे ठेवल्यात आणि व्हिडिओवरून दिल्या तरी चालतील असंच म्हटलंय. नाडी बघायची गरज नसते काकू, चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, आणि दर थोड्या दिवसांनी २० प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतात, पीसीएल-५ म्हणतात त्याला, ० ते ८० मार्क. तो आकडा खाली येतोय का हे तिची थेरपिस्ट बघत असते. तुम्ही तिला आकडा विचारू नका मात्र, परीक्षेचा निकाल विचारल्यासारखं होतं ते.

सगळ्याच बऱ्या होतात असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. व्हीएने २८४ बायकांवर एक मोठा अभ्यास केला होता, २००७ मध्ये छापून आला, प्रोलाँग्ड एक्स्पोजरची दहा सेशन, प्रत्येक दीड तासाचं. शंभरातल्या ४१ जणींना शेवटी पीटीएसडीचं निदानच लागू होईना, आणि ज्यांना जुन्या आठवणीत न शिरता फक्त आजच्या अडचणींवर बोलणारी थेरपी दिली त्यांच्यात हेच शंभरात २८ होतं. म्हणजे उकरून काढल्याने जास्त जणी बऱ्या झाल्या. पण २०२२ चा दुसरा अभ्यास, ९१६ माजी सैनिकांचा, त्यात जवळपास निम्म्या लोकांनी थेरपी मधेच सोडली. मला रात्री झोप लागू देत नाही तो हा आकडा, कारण सोडणाऱ्यांतल्या कित्येकांना घरच्यांनीच मायेपोटी म्हटलेलं असतं, जाऊ दे, नको करूस, तुला त्रास होतोय.

विपश्यनेबद्दल मला आदर आहे. पण दहा दिवस मौन धरून डोळे मिटून बसायचं, आणि ते थेरपीच्या ऐन मध्यावर, हे मी माझ्या पेशंटला कधी करू देणार नाही. डोळे मिटले की तिला काय दिसतं ते तुम्हाला माहीत नाही आणि तिथे विचारणारं पण कोणी नसेल. पुण्याला जरूर न्या, सगळी सेशन झाल्यावर, आंब्याच्या दिवसात.

आता तुमचं काम. मंगळवारच्या त्या तासात दार वाजवायचं नाही, कुकर लावायचा नाही, बाबांनी टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायच्या. बाहेर आली की काय बोललीस असं न विचारता चहा पुढे ठेवायचा. रात्री ती दारं तपासायला उठली तर तुम्ही उठून तिच्यासाठी तपासू नका, आणि बाहेर जायचे बेत तिच्या भीतीपोटी परस्पर रद्द करू नका, तिला विचारा. ती टाळत असलेल्या गोष्टींकडे तिला हळूहळू परत जायचंय आणि आपण प्रेमाने तिचा रस्ता आडवतो. हे फार अवघड आहे आईला, मला कळतं.

प्रश्न : ताई, मी ३९ ची. सहा वर्षं नेव्हीत होते. माझ्या बाबतीत युद्ध वगैरे काही नाही, माझ्याच सिनिअरने जबरदस्ती केली, दोनदा. रिपोर्ट केला नाही. नंतर बाहेर पडले, लग्न झालं, नवरा मराठी, चांगला आहे, पण त्याला हे माहीत नाही. आम्ही साउथ डकोटात एका लहान गावात राहतो, व्हीएचं हॉस्पिटल अडीच तास लांब. एकदा गेले होते, वेटिंग रूममध्ये सगळे पुरुष, टोप्या घातलेले, एकाने विचारलं नवऱ्याची वाट बघतेयस का, तशीच पार्किंगमधून परत आले. आता कळलं की व्हिडिओवर होतं. पण सासू-सासरे कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेत, दोन बेडरूमचं घर. पुरावा मागतील का? घरात कळलं तर?

उत्तर : अगं, पार्किंगमधून परत आलीस त्याला तू हरणं समजू नकोस. अडीच तास गाडी चालवून तिथपर्यंत गेली होतीस तू.

पुरावा मागणार नाहीत. सैन्यात असताना झालेल्या लैंगिक अत्याचाराला व्हीएत एमएसटी म्हणतात, आणि त्याच्यामुळे झालेल्या त्रासाचा उपचार तिथे मोफत होतो, तेव्हा रिपोर्ट केलेला नसला तरी, अपंगत्वाचं रेटिंग मिळालेलं नसलं तरी. व्हीएच्या प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात एक एमएसटी कोऑर्डिनेटर असतात, त्यांचं कामच हे असतं की तुझ्यासारखीला रिसेप्शनवर चारचौघांत काही सांगावं लागू नये. फोन करून फक्त एवढं म्हण, मला एमएसटी कोऑर्डिनेटरशी बोलायचंय. काय झालं ते त्या फोनवर सांगायचं नाही. थेरपिस्ट बाईच हवी असं सांगता येतं, आणि तसं मागण्यात संकोच करायचं काही कारण नाही. तो फोन पण जड वाटला तर वुमन व्हेटरन्स कॉल सेंटर आहे, ८५५-८२९-६६३६, तिथे टेक्स्ट पण करता येतं. तिथे बायकाच बोलतात अशी खात्री मी देत नाही, पण माजी सैनिक बायकांसाठीच तो नंबर ठेवलाय.

आणि तू एकटी आहेस असं तुला वाटत असणार, म्हणून सांगते. व्हीएमध्ये प्रत्येकीला हे विचारलं जातं आणि तीनातली एक बाई हो म्हणते. तीनातली एक. पुरुषांत पन्नासातला एक. म्हणजे त्या वेटिंग रूममध्ये पण कोणीतरी असेलच जो गप्प बसलाय.

अंतराचं सांगते. २०१८ मध्ये नियम बदलला, तेव्हापासून व्हीएची थेरपिस्ट एका राज्यात बसून दुसऱ्या राज्यातल्या पेशंटला व्हिडिओवर बघू शकते. बाहेरच्या प्रायव्हेट थेरपिस्टना राज्याच्या लायसन्सची अडचण येते तशी इथे येत नाही. त्यामुळे तुझी थेरपिस्ट कुठल्यातरी मोठ्या शहरातली, फक्त एमएसटीचंच काम करणारी असू शकते, जी तुझ्या गावाच्या आसपास शंभर मैलात मिळाली नसती. घरी इंटरनेट धड नसेल तर व्हीए टॅब्लेट वापरायला देतं, विचार.

आता घर. मराठी घरात दार लावून बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, पाच मिनिटांत कोणीतरी विचारतं बरं नाही का, नाहीतर पोहे घेऊन दार ढकलतं. माझ्या बऱ्याच पेशंट गाडीत बसून सेशन करतात, गाडी उभी करून, लायब्ररीच्या मागे नाहीतर पार्कपाशी, फोन डॅशबोर्डवर, कानात इयरफोन. थंडीत तुमच्याकडे ते जमणार नाही म्हणून घरातलं पण ठरवून ठेव. दाराबाहेर पंखा किंवा व्हाइट नॉइजचं मशीन लावलं की आवाज जात नाही. घरच्यांना खोटं सांगायची गरज नाही, दर बुधवारी दहा ते अकरा माझी व्हीएची मीटिंग असते एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. सेशन इंग्रजीत असणार, सासूबाईंना एखादा शब्द कळला तरी तो संदर्भाशिवाय कळेल. शक्य असेल तर त्या तासात सासऱ्यांना नवऱ्याबरोबर दुकानात पाठव. आणि सेशन संपल्या संपल्या लगेच किचनमध्ये जाऊ नकोस, पंधरा मिनिटं स्वतःसाठी ठेव, नाहीतर आत्ता जे बोललीस ते अंगात घेऊन तू पोळ्या लाटत बसशील.

पहिल्या सेशनला थेरपिस्ट विचारेल की तू आत्ता नक्की कुठल्या पत्त्यावर आहेस आणि काही झालं तर कोणाला फोन करू. घाबरू नकोस, ते तुझ्या नवऱ्याला काही सांगायला विचारत नाहीत, ती मैलोन् मैल लांब आहे म्हणून विचारते. मैत्रिणीचं नाव दिलंस तरी चालतं. स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा बघवत नसेल तर तो लपवता येतो, हे मी आवर्जून सांगते कारण बऱ्याच जणी त्यामुळे कॅमेरा बंद करतात, आणि कॅमेरा बंद असला की समोरच्याला कळत नाही तू कुठे हरवलीस ते. बोलता बोलता सुन्न होतेस, खोलीत नसल्यासारखं वाटतं, असं होत असेल तर पहिल्याच दिवशी सांगून ठेव, त्यावर पाय जमिनीवर टेकवणं, हातात बर्फाचा खडा धरणं असले साधे उपाय आधी शिकवतात.

नवऱ्याला सांगायचं की नाही, कधी, किती, हे फक्त तू ठरवायचं. थेरपीसाठी त्याची परवानगी लागत नाही. माझं मत विचारशील तर आधी काही सेशन होऊ देत, मग त्याला सांगताना तुझा आवाज तुझ्या ताब्यात असेल. एक गोष्ट मात्र नीट वाच. घरात कोणी हात उगारत असेल, फोन तपासत असेल, तर घरून व्हिडिओ करणं सुरक्षित नाही, मग जागेची सोय कोऑर्डिनेटरलाच करायला सांग. तुझ्या मेलवरून तसं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी लिहितेय. आणि रात्री जगणं नको झालं तर ९८८ लावून १ दाबायचं, माजी सैनिकांची लाइन आहे, ८३८२५५ वर टेक्स्ट पण चालतं.

पेन्शनसारखी जी भरपाई असते तिचा क्लेम वेगळा विषय आहे. तिथे कागद लागतात, पण रिपोर्ट नसेल तर त्या काळात अचानक बदली मागितली, काम बिघडलं, कोणाला पत्रात लिहिलं, असल्या खुणा पण बघतात. ते नंतर. उपचार त्याच्यासाठी थांबवायचा नाही.

प्रश्न : मॅडम, मी एअर फोर्समध्ये होते, आता व्हर्जिनियात आयटीत. माणसाशी बोलायची माझी तयारी नाही. नुसतं ॲप किंवा ऑनलाइन कोर्स करून होईल का?

उत्तर : थोडं होईल. पीटीएसडी कोच नावाचं ॲप व्हीए आणि संरक्षण खात्याने २०११ मध्ये काढलं, फुकट आहे, नाव-गाव विचारत नाही. श्वासाचे व्यायाम, झोपेसाठी, राग आल्यावर काय करायचं, स्वतःची लक्षणं मोजायची सोय. आजच टाक फोनवर. व्हीएचा वेबस्टेअर नावाचा ऑनलाइन प्रोग्रॅम पण आहे, भावना हाताळणं आणि नात्यांमध्ये वागणं यावर धडे असतात, सोबत कोच ठेवता येतो.

पण नुसतं एकट्याने धडे वाचण्यापेक्षा मधेमधे कोणी माणूस फोनवर विचारपूस करतो तेव्हा लोक टिकतात, हे आम्ही रोज बघतो. ब्रिटनमध्ये स्प्रिंग नावाच्या ऑनलाइन प्रोग्रॅमचा अभ्यास झाला, १९६ लोक, २०२२ मध्ये छापून आला, एकाच प्रसंगातून आलेल्या सौम्य ते मध्यम पीटीएसडीत तो समोरासमोरच्या थेरपीच्या तोडीस तोड ठरला. त्यात पण थेरपिस्ट होताच, फक्त थोड्या वेळासाठी. तुझं एका प्रसंगाचं आहे की वर्षानुवर्षांचं, ते तू लिहिलं नाहीस.

तुला बोलायचं नाहीये ना, मग लिहिशील का? रिटन एक्स्पोजर थेरपी म्हणून आहे, पाच सेशनची. थेरपिस्ट सूचना देते आणि मग तू अर्धा तास त्या प्रसंगाबद्दल लिहीत बसतेस, बोलणं अगदी थोडं. व्हिडिओवर पण करतात. आयटीतल्या मुलींना हे जमतं असा माझा अनुभव आहे, कीबोर्ड बाजूला ठेवून हाताने लिहायचं एवढंच.

प्रश्न : नमस्कार. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झाले, मूळची सातारा जिल्ह्यातली. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी काश्मीरमध्ये हॉस्पिटलला पोस्टिंग होतं. हेलिकॉप्टरने जखमी यायचे, रात्रंदिवस. मुलं होती ती, वीस-बावीसची. आता इतक्या वर्षांनी, लॉकडाउननंतर, हेलिकॉप्टरचा आवाज आला की हात थरथरतात आणि झोपेत वास येतो, रक्ताचा आणि स्पिरिटचा. इथल्या डॉक्टरांनी क्लोनाझेपाम (घबराट आणि झोपेसाठीची गोळी) दिलीय, दोन वर्षं घेतेय. आमच्याकडे घराघरात फौजी, त्यांनी लढाईत गोळ्या झेलल्या. मी बंदूक उचलली नाही. मला हे पीटीएसडी म्हणायचा हक्क आहे का, आणि इथे व्हिडिओवर काही मिळतं का?

उत्तर : सिस्टर, तुमच्या मेलपाशी मी बराच वेळ थांबले.

हक्क आहे. निदानाच्या नियमांत आजच्या घडीला हे लिहूनच ठेवलंय की कामाचा भाग म्हणून भयंकर जखमा आणि मृत्यू परत परत जवळून पाहावे लागले तर तो पण आघात धरायचा. नर्स, मेडिक, मृतदेह गोळा करणारे, सगळे त्यात येतात. वीस-पंचवीस वर्षांनी वर येणं पण नवीन नाही, ड्युटी असते तोवर हात कामात असतात, निवृत्ती आली, घर रिकामं झालं, कोविडच्या बातम्यांत परत तेच ऑक्सिजन आणि स्ट्रेचर दिसले, की जे बाजूला ठेवलं होतं ते समोर येतं. मला अमेरिकेतल्या कित्येक नर्सेस असंच सांगतात.

गोळीबद्दल. तुम्ही नर्स आहात म्हणून स्पष्ट लिहिते, पीटीएसडीसाठी क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या देऊ नयेत असं वर सांगितलेल्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. औषध द्यायचंच तर सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, व्हेनलाफॅक्सिन ही नावं पुढे आहेत. पण दोन वर्षं घेतलेली गोळी एका रात्रीत बंद करायची नसते हे तुम्ही वॉर्डात किती जणांना सांगितलं असेल. सायकियाट्रिस्टला दाखवून हळूहळू कमी करून घ्या.

व्हिडिओवर आणि फोनवर भारतात आता मिळतं. टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचाच एक वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्याला एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झाला, तुम्हाला तर ती जागा परकी नाही. पेन्शन असेल तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेलच, तिथून सायकियाट्रीचा रेफरल मागा. टेली-मानसवर पहिला धीर आणि पुढचा रस्ता मिळतो, बारा सेशनची थेरपी मात्र पुढे एका ठरलेल्या माणसाबरोबरच करावी लागेल, व्हिडिओवर का होईना. तो शोधताना पहिल्याच फोनवर विचारा की तुम्ही सीपीटी, प्रोलाँग्ड एक्स्पोजर किंवा ईएमडीआर यातलं काय शिकलाय आणि किती जणांबरोबर शेवटपर्यंत केलंय. नुसतं रिलॅक्सेशन करून घेऊ असं उत्तर आलं तर धन्यवाद म्हणून पुढच्याला फोन करा.

आणि तो फोन कराल तेव्हा झोप लागत नाही एवढंच सांगून थांबू नका, तेवढ्यावर परत झोपेची गोळीच मिळेल. वर्ष सांगा, १९९९. काश्मीर सांगा. हेलिकॉप्टर आणि तो वास सांगा. ती मुलं वीस-बावीसची होती हे मला लिहिलंत, तसंच तिथे पण सांगा.